सीबीडी बेलापुरात जेवायचं कुठं? नेहमी विचारले जाणारे प्रश्न

नवी मुंबईतल्या सीबीडी बेलापुरात (सीबीडी म्हणजे मध्यवर्ती व्यापारी भाग) आमचं ऑफिस. तिथं टीमचं जेवण ठरवायचं काम काही वर्षांपूर्वी माझ्या गळ्यात पडलं, ते अजून सुटलेलं नाही. निरोप समारंभ, अप्रेझलनंतरची पार्टी, पुण्याहून आलेले क्लायंट, ‘आज डब्यात दुधी आहे, चल बाहेर’ असले शुक्रवार, सगळं फिरून माझ्याकडेच येतं. दर नव्या माणसाला तेच सांगून घसा बसला, म्हणून एकदाचं लिहून काढलं.

सीबीडीत खायच्या जागा नेमक्या कुठं आहेत?

ढोबळमानानं सेक्टर ११ मध्ये ऑफिसं आणि सेक्टर १५ मध्ये हॉटेलं, एवढं ध्यानात ठेवलं तरी निम्मं काम होतं. ११ मध्ये उडपी, थाळी, ज्यूस सेंटर, टपऱ्या, म्हणजे घड्याळाकडे बघत खायच्या जागा. १५ मध्ये कॅफे, बार, फॅमिली रेस्टॉरंट, म्हणजे टेकून बसायच्या जागा. दुपारी माणसं ११ मध्ये दिसतात, रात्री १५ मध्ये. चार्ल्स कोरिया यांनी आखलेलं आर्टिस्ट व्हिलेज सेक्टर ८ मध्ये आहे. तिकडं मी जेवायला कुणाला पाठवत नाही. जेवून झाल्यावर पोट जड वाटत असेल तर शतपावलीला मात्र जरूर जा, बैठी घरं आणि मधली अंगणं बघत छान वेळ जातो.

तुम्ही हॉटेलांची यादी का देत नाही? नुसती नावं सांगा ना!

दिली होती. दोन वर्षांपूर्वी सतरा नावांची यादी करून टीमच्या ग्रुपवर टाकली होती. परवा उघडून बघितली तर त्यातल्या सहा जागी आता दुसरंच काहीतरी आहे. एका ठिकाणी तर पिझ्झाच्या जागी दातांचा दवाखाना झालाय. (गिऱ्हाईक तेच असेल म्हणा.) बेलापुरात पाटी बदलायला वेळ लागत नाही. कुठल्या वेळी, कुठल्या वारी, कशा प्रकारच्या जागी जावं हे मात्र फारसं बदललेलं नाही. म्हणून मी तेच सांगते.

एवढ्या जागा बंद का पडतात?

कारण हा पाच दिवसांचा गाव आहे. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोची स्थापना १९७० ची, लोकल इथवर आली १९९३ मध्ये, आणि पहिल्यापासून इथं वस्तीपेक्षा ऑफिसांचा भरणा. कोकण भवन, सिडको भवन, रिझर्व्ह बँक, कोर्ट, शिवाय खासगी कंपन्यांचे टॉवर. त्यात २९ फेब्रुवारी २०२० पासून राज्य सरकारी कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा झाला. शनिवारी अर्धं बेलापूर कुलूपबंद. भाडं मात्र तीस दिवसांचं द्यावं लागतं! दुपारच्या गर्दीला दीडशे-दोनशे रुपयांत पोटभर जेवण हवं असतं, आणि सजावटीवर लाखो रुपये ओतलेल्या कॅफेला तेवढ्यात परवडत नाही. मग तो संध्याकाळवर जगतो. संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर इथला माणूस कॅफेकडं बघत नाही, तो लोकल पकडायला धावत असतो. जी जागा दुपारी थाळी आणि रात्री बैठक अशी दोन्ही सांभाळते, ती टिकते. नुसत्या फोटोंवर उभी राहिलेली जागा सहसा दुसरा पावसाळा बघत नाही.

मग दुपारी किती वाजता गेलं तर जागा मिळते?

सरकारी कार्यालयांची वेळ पावणेदहा ते सव्वासहा, आणि जेवणाची सुटी एक ते दोनच्या दरम्यान अर्धा तास. खासगीवाल्यांनाही नेमकी त्याच वेळी भूक लागते. एक वाजून पाच मिनिटांनी कुठल्याही उडप्याच्या दारात गेलात तर आत बसलेल्यांच्या खुर्चीमागं उभं राहून त्यांचा शेवटचा घास मोजावा लागतो. बारा पस्तीसला निघा. ते जमत नसेल तर सरळ सव्वादोनला जा, पण मग थाळीतली चांगली भाजी संपलेली असेल आणि पोळ्या पुन्हा लाटल्या जाणार नाहीत हे गृहीत धरा.

‘ट्रेंडी’ जागांचं उलटं आहे. तिथं दुपारी दीडलाही टेबल मिळतं, उशीर होतो तो किचनमध्ये. ऑर्डर दिल्यापासून ताट समोर यायला पंचवीस मिनिटं धरा. पाऊण तासाच्या सुटीत पास्ता मागवणं म्हणजे बॉसच्या तोंडाकडं बघायची तयारी ठेवणं.

सगळ्यात निवांत वेळ शनिवार दुपारची. ज्या कॅफेत बुधवारी कानठळ्या बसतात, तिथं शनिवारी खिडकीजवळचं टेबल आणि वेटरचं पूर्ण लक्ष मिळतं.

सध्या काय चालू आहे? म्हणजे फॅशनमध्ये काय आहे?

सध्या जिकडंतिकडं कोरियन आणि जपानी. रामेन म्हणजे रश्शातल्या नूडल्स, तिखट लाल राईस केक, चीज भरलेला लांबडा कॉर्न डॉग. त्याच्या खालोखाल माचा नावाचं हिरवं पेय, ज्याला आमचे शेजारी पाटीलसाहेब ‘पालकाचं ताक’ म्हणतात. आंबवलेल्या पिठाचा साउरडो ब्रेड, त्यावर अवोकाडो. वड्याचा बाओ (वाफवलेला चिनी पाव), ठेच्याचा पिझ्झा, पुरणपोळीचं चीजकेक अशी आपली-परकी सोयरीक.

माझं मत विचाराल तर ठेच्याचा पिझ्झा चांगला लागतो, कारण ठेचा कशावरही चांगला लागतो. पुरणपोळीच्या चीजकेकमध्ये ना पुरण लागतं ना चीज. रामेन मात्र नीट करणारं ठिकाण सापडलं तर पावसाळ्यात सोडू नका. ओळखायची खूण सोपी आहे. रस्सा दाट आणि गरमागरम यायला हवा. पाण्यात सॉस ढवळल्यासारखा असेल तर ती मॅगीचीच शहरात शिकून आलेली बहीण.

एप्रिल-मे मध्ये प्रत्येक कॅफे ‘मँगो मेन्यू’ काढतो. वाशीचं एपीएमसी मार्केट, म्हणजे शेतमालाचा घाऊक बाजार, इथून काही किलोमीटरवर, कोकणातला हापूस आधी तिथं उतरतो, त्यामुळे बेलापुरात डब्यातला पल्प खायचं काहीच कारण नाही. ऑर्डर देण्याआधी ‘फळ आहे की पल्प?’ असं सरळ विचारा. वेटर आत विचारायला गेला तर पल्प आहे.

क्लायंटला घेऊन जायचंय. जरा बरी जागा?

सेक्टर १० मध्ये द पार्क हे मोठं हॉटेल आहे. तिथं आवाज कमी, खुर्च्या आरामशीर, आणि बोलायला निवांतपणा मिळतो. क्लायंटबरोबरच्या जेवणात खरी किंमत त्याचीच असते. फक्त बिलाच्या हिशेबात एक गोष्ट धरा. साध्या रेस्टॉरंटमध्ये जेवणावर ५ टक्के जीएसटी लागतो, पण ज्या हॉटेलात खोलीचं भाडं दिवसाला साडेसात हजारांच्या वर जातं, त्याच्या आतल्या रेस्टॉरंटला १८ टक्के. म्हणजे पाच हजारांच्या जेवणावर अडीचशेऐवजी नऊशे रुपये. अकाउंट्समधून ‘एवढा टॅक्स कसा?’ म्हणून फोन येतो तेव्हा हे सांगता येतं. तोंडपाठ आहे माझं.

क्लायंट मुंबईहून किंवा परदेशातून आला असेल तर मी उलटा सल्ला देते: त्याला तसलं हॉटेल रोजचंच आहे. त्याला मासे खायला न्या.

माशांचं बोला. आगरी-कोळी जेवण कुठं मिळतं?

आता बोललात! बेलापूर हे नंतर सीबीडी झालं, त्याआधी ते खाडीकाठचं गाव. दिवाळे, शहाबाज, आग्रोळी, करावे ही गावं टॉवरच्या सावलीत अजून नांदती आहेत. दिवाळ्याला आजही होड्या लागतात आणि ताजी मासळी मिळते. या गावांच्या आसपास आगरी खानावळी आहेत. त्यांच्या पाट्या साध्या, एसी असला तर नशीब, आणि मेन्यूकार्डापेक्षा फळ्यावर खडूनं लिहिलेलं जास्त खरं.

काय मागवायचं? तांदळाची भाकरी, चिंबोरीचं कालवण, कोळंबीचं सुकं, तळलेले बोंबील, सुकट. आगरी मसाल्याचा लाल रंग बघून घाबरू नका, तो दिसतो तेवढा झणझणीत नसतो. जिताडा मिळाला तर आधी भाव विचारा आणि मग बसा. हा खाडीतला मासा, काटे मोठे आणि मांस गच्च, आगरी लग्नकार्यांत आणि जावयाच्या पाहुणचारात त्याचा मान. निवट्या फळ्यावर दिसल्या तर तुमचं नशीब थोर. चिखलातले हे छोटे मासे साफ करायला वेळ लागतो, म्हणून रोज कुणी करत नाही. कालवं आणि शिवल्या ही शिंपल्यातली मासळी कधी मिळते, कधी नाही, ते भरती-ओहोटीच्या हातात.

दोन गोष्टी लक्षात असू द्या. एक, १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. या दिवसांत पापलेट-सुरमई मिळाली तर ती शीतगृहातली किंवा बाहेरून आलेली. खाडीत छोट्या होडीनं पकडलेलं मिळतं, तेव्हा तेच मागा. दोन, श्रावणात आणि मार्गशीर्षातल्या गुरुवारी इथल्या निम्म्या टेबलांवर मासे खाणारं कुणी नसतं. अशा दिवशी जाऊ नका. मासळीला उठाव कमी, म्हणून आणलेलंही कमी असतं.

आणि कॅफेतल्या ‘फिश फिंगर’वर जीव टाकू नका. तो बहुतेक वेळा बासा असतो, पांढरा, बिनवासाचा, बिनचवीचा. दिवाळ्यापासून दोन किलोमीटरवर बसून बासा खाणं हे मला अजून जमलेलं नाही.

टीममध्ये एक जैन, दोन उपवासवाले, तीन मासेखाऊ आहेत. काय करू?

सगळ्यात अवघड प्रश्न हाच, आणि याचं एकच उत्तर नाही. चौदा जणांपर्यंत असाल तर मोठी उडपी-पंजाबी हॉटेलं बरी. जैन पावभाजी, साबुदाणा खिचडी आणि चिकन एकाच छताखाली देणाऱ्या काही जागा आहेत. जैन मंडळींना तेल-भांडं वेगळं लागत असेल तर मात्र पूर्ण शाकाहारी हॉटेलातच जा, मासेखाऊंनी एक दिवस पनीर खाल्लं म्हणून आकाश कोसळत नाही. त्यांची कुरकुर मी सात वर्षं ऐकतेय.

पंधराच्या वर असाल तर बुफे. पण बुफेची वेळ विचारून घ्या. साडेतीनला बंद होणाऱ्या बुफेत अडीचला पोचलात तर स्टार्टर खाऊन होईपर्यंत जेवण उचललेलं असतं.

आमची एकदा चांगलीच फजिती झाली. सहकाऱ्याचा निरोप, चौदा जणांचं टेबल आठवडाभर आधी सांगितलेलं, पैसेही आगाऊ दिलेले. गेलो तर चौदा खुर्च्या चार वेगवेगळ्या टेबलांवर, मधून दुसऱ्यांचा वाढदिवस आणि कानाशी स्पीकर. भाषणं व्हॉट्सअॅपवर झाली. वर बिलात १० टक्के सेवा शुल्क. तेव्हापासून बुकिंग करताना मी तीन गोष्टी लेखी घेते: टेबलं जोडून मिळतील, गाण्याचा आवाज कमी होईल, आणि बिलात आपोआप काही चढणार नाही.

सेवा शुल्क द्यायलाच लागतं का?

नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं जुलै २०२२ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार हॉटेलला ते आपोआप बिलात घालता येत नाही आणि दुसऱ्या नावाखालीही लावता येत नाही. मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं या सूचना कायम ठेवल्या.

हिशेब मांडून बघा. हजाराचं जेवण, ५ टक्के जीएसटी, झाले १०५०. त्यात आधी १० टक्के सेवा शुल्क घातलं तर ११०० वर जीएसटी लागतो आणि बिल जातं ११५५ वर. एकशे पाच रुपये जास्त, त्यात पाच रुपये त्या शुल्कावरचा कर. काढायला सांगितलं की बहुतेक ठिकाणी मुकाट्यानं काढतात. नाहीच ऐकलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर आहे, तो नुसता मोठ्यानं म्हटला तरी बऱ्याचदा काम होतं. वाचलेल्या पैशातून वाढणाऱ्या पोराच्या हातात थेट काहीतरी ठेवा, ते त्याला नक्की मिळतं.

बिल हातात आहेच तर त्यावर चौदा आकडी एफएसएसएआय क्रमांक (अन्नपरवान्याचा नंबर) आहे का तेही बघा. २०२२ च्या सुरुवातीपासून तो बिलावर छापणं बंधनकारक आहे.

संध्याकाळी ‘बसायला’ जायचंय. काही नियम?

सेक्टर १५. नियम वयाचे: महाराष्ट्रात बिअर आणि वाइनला २१, बाकी कडक दारूला २५ वर्षं. ऑफिसात नुकत्याच लागलेल्या बावीस-तेवीस वर्षांच्या पोरापोरींना हे माहीत नसतं आणि दारात ओळखपत्र मागितलं की चेहरे पडतात. दारूवर जीएसटी नसतो, व्हॅट असतो, म्हणून बिलात दोन भाग दिसतात. त्यात लबाडी नाही.

गाडी घेऊन आला असाल तर पिऊ नका. पाम बीच रोडला नाकाबंदी असते, आणि नसली तरी पिऊ नका. लोकल आहे, रिक्षा आहे.

बाहेर रस्त्यावर मांडलेली टेबलं आवडायची. मागच्या आठवड्यात होती, आता गायब. का?

मार्जिनल स्पेस! नवी मुंबईत राहून हा शब्द न ऐकलेला माणूस विरळा. इमारतीभोवती सोडायची मोकळी जागा, तिच्यात हॉटेलवाले शेड टाकतात, खुर्च्या मांडतात, दिव्यांच्या माळा सोडतात. महापालिकेची गाडी येते, शेड तोडते. पंधरा दिवसांनी शेड परत. त्यामुळे ‘ओपन एअर’ म्हणून बुकिंग केलं असेल तर त्या दिवशी सकाळी फोन करून टेबलं जागेवर आहेत ना, ते विचारा. आगीचा बंब आत शिरायला तीच जागा लागते, त्यामुळे तोडलं तर मला फारसं वाईट वाटत नाही. माळा मात्र छान दिसतात.

पार्किंगचं काय?

आठवड्यात दुपारी विसरा. चालत जा.

कंटाळा आला बेलापूरचा. जवळपास दुसरं काही?

एक स्टेशन मागं सीवूड्स. मॉल थेट स्टेशनच्या डोक्यावर, पावसात छत्री न उघडता प्लॅटफॉर्मवरून फूड कोर्टात. चौघांना चार वेगळ्या गोष्टी खायच्या असतील तर भांडण मिटवायला फूड कोर्टासारखी जागा नाही, चवीबद्दल मी काही बोलत नाही.

खारघरला जायला नोव्हेंबर २०२३ पासून मेट्रो आहे. बेलापूर टर्मिनलहून तिसरं स्टेशन उत्सव चौक. तिथं राहती वस्ती आणि कॉलेजची मुलं, म्हणून रविवारीही गजबज असते आणि भाव विद्यार्थ्यांच्या खिशाला बेतलेले. शनिवार-रविवारी बेलापुरात ओस वाटलं तर हाच उपाय.

वाशी सेक्टर १७ जुनं आणि भरवशाचं. महापे-ऐरोलीच्या आयटी पार्कांत मात्र बाहेरच्यानं जेवायला जाऊ नये, तिथं सगळं ओळखपत्राच्या पट्ट्यांवर चालतं.

आणि सिडकोचं अर्बन हाट. प्रदर्शन असेल तेव्हाच जा. बचत गटाच्या बायका राज्याच्या कोपऱ्याकोपऱ्यांतून येतात. मांडे, शेंगोळे, वऱ्हाडी रस्सा, सावजी, मालवणी असं एका रांगेत मिळतं. टिकलेली फॅशन बघायची असेल तर तिथला मांडा उलथ्या खापरावर टाकतानाचा हात बघा.

खिशात शंभर रुपये आहेत. ट्रेंडी राहू द्या.

मग तुम्ही खरे बेलापूरकर झालात. सकाळी पोहे-उपमा, दुपारी डोसा किंवा अंडाभुर्जी-पाव, चारला वडापाव आणि कटिंग. गाडी निवडताना फक्त दोन गोष्टी बघा: तेलाचा रंग, आणि भांडी कुठल्या पाण्यात विसळतात. बाराच्या आत ज्या गाडीपुढं रिक्षावाले उभे असतात तिथं सहसा पोट बिघडत नाही, त्यांना आजारी पडून धंदा बुडवणं परवडत नाही.

एकटीला/एकट्याला जेवायला संकोच वाटतो. कुठं जाऊ?

उडप्याकडे. दुपारी सव्वादोनला, चार खुर्च्यांच्या टेबलावर. समोर एखादे वकीलसाहेब फाइल वाचत दहीभात खात असतात, बाजूला कोकण भवनात दाखल्यासाठी आलेल्या मावशी पिशवी मांडीवर धरून इडली मोडत असतात. कुणी कुणाकडं बघत नाही, फक्त सांबाराची वाटी रिकामी झाली की तिघांपैकी कुणीतरी वेटरला हाक मारतं, आणि तो तिन्ही वाट्या भरून जातो.